गेनाबाईचे उंडे

सन एकोणीसशे सेहेचाळीस, चैत्र सरत आलेला. आमच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलेलं होतं. पातेल्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा ताणून बांधला होता, आणि पातेल्याच्या दोन अंगांना दोन बायका कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. अलीकडे माझ्या सासूबाई, ताराक्का चौगुले. पलीकडे गेनाबाई, पोलंडची. मी मागच्या सोप्यात बाजल्यावर पडले होते आणि उघड्या दारातून दोघींकडे बघत होते.

"चूल आमची, पातेलं आमचं, पाणी गाळलेलं," आत्ती म्हणाल्या. सासूला आम्ही आत्ती म्हणायचो. "पीठ तेवढं तुझं. त्यात अंडं न्हाई न्हवं?"

"अंडी नाय," गेनाबाई म्हणाली.

"खरं सांग."

"खरं सांगतो. अंडी नाय, मटन नाय, कांदा नाय. पीठ, दूध, मीठ, आणि हे." तिनं हातातल्या बरणीवरचं फडकं बाजूला केलं. आत बुडबुडे आलेलं पातळसर पीठ होतं.

आत्तींनी वाकून वास घेतला आणि मान फिरवली. "नासलंय की गं हे."

"नाय नासला. हा आई आहे. ह्याच्यातून दुसरा होतो, दुसऱ्यातून तिसरा."

"मग विरजण म्हण की," आत्ती म्हणाल्या. "पिठाचं विरजण." ओळखीचं नाव सापडल्यावर त्यांच्या कपाळावरची एक आठी उतरली. बाकीच्या राहिल्या.

आम्ही कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे जैन. आमच्या घरात अंडं सोडा, कांदा-लसूणसुद्धा आत्तींच्या चुलीजवळ येत नसे. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, दिवस बुडायच्या आत जेवायचं, सरपणाचं लाकूडसुद्धा आपटून मुंग्या झाडून मगच चुलीत घालायचं. अशा घराच्या परसात परमुलखातली बाई पीठ घेऊन उभी राहते, ही गोष्ट त्या दिवसाआधी कुणी सांगितली असती तर गाव हसलं असतं.

लढाईच्या काळात आमच्या माळावर पोलंडच्या निर्वासितांची छावणी उठली होती; रशियानं त्यांना सैबेरियात हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ते इथं आले होते. रांगेनं कौलारू बराकी, त्यांचं चर्च, त्यांची शाळा. बहुतेक सगळ्या बायका आणि पोरं. माझे यजमान, भूपाल, छावणीत म्हशीचं दूध घालायला जायचे. गेनाबाई त्यांचं गिऱ्हाईक. तिचं खरं नाव गेनोवेफा. ते आमच्या जिभेला झेपलं नाही. अंगानं थोराड, केस मक्याच्या कणसातल्या रेशमासारखे, आणि कोपरापर्यंतचे हात उन्हानं लालभडक. मराठी ती भाजीवाल्यांकडून आणि गवळ्यांकडून शिकली होती, त्यामुळे बोलायची पुरुषांसारखी, आणि तेही घासाघीस केल्यासारखं.

आणि मी एकोणीस वर्षांची होते. पोटात तिसरं होतं. पहिली दोन्ही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेली होती. या खेपेला तर पाण्याचा घोट ठरेना. पेज, ताक, डाळिंबाचे दाणे, भाताच्या लाह्या, जे जाईल ते उलटून यायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. रुकडीचे वैद्य आले, नाडी बघितली आणि बाहेर जाऊन आत्तींना म्हणाले, "औषध मी देतो, पण औषधानं पोर वाढत न्हाई. हिच्या पोटात अन्न ठरलं तर पोर ठरंल. न्हाईतर दोघांचंबी मला सांगता येत न्हाई." ते हळू बोलले होते. पण बाजल्यावर पडलेल्या माणसाचे कान फार लांब जातात.

यजमानांचा चेहरा पडलेला बघून छावणीत गेनाबाईनं विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुधाचं भांडं परत देताना तिनं त्यांच्या हातावर रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं. "बायकोला दे. थोडा थोडा. पोटात थांबतो."

यजमानांनी ते आत्तींची नजर चुकवून मला आणून दिलं. मुठीएवढा पांढरा उंडा. वरून गुळगुळीत, आत कापसासारखा, जाळीदार. त्याला वास जवळजवळ नव्हताच, आणि मला तेव्हा वासच मारत होता. मी चिमूटभर तोडून तोंडात धरला. मग आणखी चिमूटभर. संध्याकाळपर्यंत निम्मा उंडा संपला आणि काहीच उलटलं नाही. मी यजमानांना म्हटलं, "आणखी हाय काय?"

आणि ते, इतका शहाणा माणूस, आनंदाच्या भरात अंगणात जाऊन आईला म्हणाले, "आई, चंद्रीच्या पोटात अन्न ठरलं!"

"कसलं?" आत्तींनी विचारलं.

त्यानंतर घरात जे झालं ते जाऊ दे. पण रात्रभर विचार करून आत्तींनी सकाळी निकाल दिला. पोरीला डोहाळा लागलाय, डोहाळा मोडायचा नाही. पण त्या बाईनं इथं येऊन, माझ्या डोळ्यांसमोर करायचं. म्हणून ती चूल, ते पातेलं आणि त्या दोघी.

गेनाबाईनं घरून मळून आणलेलं पीठ चांगलंच फुगलं होतं. तिनं उंडे वळले, पाणी उकळल्यावर ताणलेल्या फडक्यावर लांब लांब ठेवले आणि वर दुसरं पातेलं उपडं घातलं.

"आता हात नाय लावायचा," ती आत्तींना म्हणाली. "नाय उघडायचा. नाय बघायचा."

"बरं."

"नाय म्हणजे नाय."

"कळलं गं. नागपंचमीची दिंडं उकडून हाडं झिजली माझी. मला शिकवतीयास?"

गेनाबाई हात धुवायला आणि पिठाची भांडी घासायला आडावर गेली. आत्ती पातेल्यासमोर बसल्या. मला त्यांची पाठ दिसत होती.  मग त्यांनी पातेल्याच्या कडेनं निरखून बघितलं. चुलीजवळ मुंग्यांची एक रांग चालली होती. त्यांनी झाडूनं ती अलगद बाजूला सारली. पुन्हा बघितलं. मग पदर हातात धरला आणि वरचं पातेलं उचललं.

"आत्ती!" मी बाजल्यावरून म्हटलं.

"बघती नुसतं. माशी-बिशी गेली असली आत तर? वाफेत जीव जाईल बिचारीचा." त्यांनी चारी बाजूंनी बघून पातेलं परत ठेवलं.

थोड्या वेळानं चुलीजवळच्या आंब्याच्या झाडाचं एक वाळकं पान उडून पातेल्यावर पडलं. आत्तींनी पुन्हा उघडून बघितलं. मग सूर्य कलायला लागला, दिवस बुडायच्या आत मला खायला मिळायला हवं होतं, म्हणून तिसऱ्यांदा उघडलं आणि दिंडं बघतात तसं ओल्या बोटानं दाबून बघितलं.

गेनाबाई आडावरून आली आणि तिनं शेवटी पातेलं उचललं, तेव्हा फडक्यावर उंडे नव्हते. सुरकुतलेल्या, चपट्या, पिवळट चकत्या होत्या. जणू कुणी प्रत्येकावर बसून गेलं होतं.

"झाकण!" गेनाबाई ओरडली. "तू झाकण काढला!"

"एवढं ओरडायला काय झालं? जीव-जिवाणू बघायला नको?"

"मी म्हटला नाय उघडायचा! म्हटला का नाय?"

"माझ्या परसात माझ्यावर आवाज चढवतीयास?"

"वारा लागला! मेला! सगळा मेला!" गेनाबाईनं एक चकती उचलून आत्तींच्या नाकासमोर धरली. "दगड!"

"मेला" हा शब्द त्या घरात, त्या दिवसांत, कुणी उच्चारत नव्हतं. आत्ती ताठ झाल्या. "नीघ," म्हणाल्या. "भूपाल, हिचं पातेलं दे हिला."

"पातेला तुझाच आहे," गेनाबाई म्हणाली, बरणी काखेत मारली आणि निघून गेली.

मी त्यातली एक चकती खाऊन बघितली, दोघींनाही बरं वाटावं म्हणून. ती ठरली नाही.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. डोळे उघडले की कधी आत्तींचा हात कपाळावर असायचा, कधी यजमान दारात उभे असायचे. यजमान एकदा हळूच म्हणाले, "आई, मी जाऊन गेनाबाईला हातापाया पडून आणतो." आत्तींनी पाठ फिरवली. त्या रागात आहेत असं मला वाटलं. नंतर कळलं की त्या विचार करत होत्या.

एका सकाळी, उजाडता उजाडता, त्या टोपलीवर फडकं झाकून बाहेर पडल्या. कुठे जाता म्हणून यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, "बस्तीत." बस्ती म्हणजे आमचं देऊळ. पण बस्ती उगवतीला, आणि त्या गेल्या मावळतीला, माळाकडे.

त्याच दिवशी दूध घालून आल्यावर यजमानांच्या भांड्यावर रुमाल होता. रुमालात चार उंडे. पांढरे, फुगलेले, अजून कोमट.

मी घास हातात घेऊन थांबले. "आत्ती, ह्यात अंडं न्हाई न्हवं?"

त्या जात्यावर बसल्या होत्या. जातं थांबलं नाही. "मी विचारून घेतलंय. तू खा."

"तिच्या घरात केलेलं चालतं तुम्हाला?"

"तिची पद्धत तिच्या घरात. इथं मला बघितल्याबिगर राहवत न्हाई." आणि मग जरा थांबून, "पाप-पुण्य माझ्या पदरात. तुझ्या पदरात पोर हाय. खा म्हटलं न्हवं?"

मी खाल्लं. ते ठरलं.

तिथून पुढचे दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड महिने असतील. आत्ती एक दिवसाआड पहाटे टोपली घेऊन बाहेर पडत आणि यजमान सकाळी उंडे घेऊन येत. आधी मी नुसते खायचे, मग दुधात कुस्करून, मग लोणकढ्या तुपात बुडवून. करवंदं आली तेव्हा गेनाबाईनं पिकलेली काळी करवंदं साखरेत शिजवून त्यांचा दाट रस पाठवला आणि निरोप दिला, "त्याच्यावर ओत. आमच्या देशात दुसरा फळ. पण हा पण चांगला." पांढऱ्या उंड्यावर तो जांभळा रस पसरायचा तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. तोंडाला पाणी सुटणं म्हणजे काय, ते मी विसरूनच गेले होते.

एकदा यजमानांनी निम्मा उंडा खाऊन बघितला. "चव काय हाय ह्याला?" म्हणाले.

"काहीच न्हाई," मी म्हटलं. "तीच चव."

मग मला भाकरी ठरायला लागली, भात ठरायला लागला. आषाढात पोट दिसायला लागलं. आत्तींनी शेजारणींना बोलावून ते दाखवलं, जणू त्यांनीच पेरलं होतं.

याच दिवसांत एक बदल झाला, त्याचं मला नवल वाटलं. आत्तींना गूळ फार आवडायचा. आमचा भाग गुऱ्हाळांचा, घरात गुळाच्या ढेपा असायच्याच. दुपारी खडा तोंडात टाकून, डोळे मिटून बसायचं, हा त्यांचा एकच ऐषाराम. त्या वर्षी त्यांनी गूळ सोडला. साखरही नाही, काकवीही नाही. सणाला पुरणपोळी लाटायच्या आणि स्वतः आमटी-भात खाऊन उठायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "नियम घेतलाय." आमच्यात बायका असे नियम घेतात, भगवंतासमोर एखादा पदार्थ सोडतात. मला वाटलं नातवंडासाठी घेतला असेल. बाळंतपण झाल्यावर सुटेल.

मार्गशीर्षात विमल झाली. काळीसावळी, टपोरी, आणि रडायची अशी की छावणीतसुद्धा ऐकू जावं. नियम सुटला नाही. बारशाच्या घुगऱ्या सगळ्या गावानं खाल्ल्या. आत्तींनी आपल्या पानातला गुळाचा खडा उचलून माझ्या पानात ठेवला.

पुढल्या वर्षी छावणी रिकामी व्हायला लागली. गेनाबाईचा नवरा पलटणीत होता. तो जिवंत असून इंग्लंडात आहे असं तिला कळलं होतं. दिवाळीनंतर ती दोन्ही मुलांना घेऊन निघाली. मी विमलला कडेवर घेऊन वळिवड्याच्या स्टेशनावर गेले. आत्ती आल्या नाहीत. "मला निरोप-बिरोप जमत न्हाई," म्हणाल्या, पण शेंगांची आणि चुरमुऱ्यांची एक भली मोठी पिशवी माझ्याबरोबर दिली.

गेनाबाईनं विमलला घेतलं, वर-खाली करून वजन बघितलं आणि मान डोलावली. "चांगला पीठ," म्हणाली. मी हसले. मग तिनं विमलचा गाल आपल्या गालाला लावला. "माझा धाकटा मुलगी एवढाच होता. इराणमध्ये राहिला." तिनं छातीवर क्रॉसची खूण केली.

गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. ती म्हणाली, "आक्का नाय आला?"

"त्यांना जमत न्हाई म्हणाल्या."

"हुशार म्हातारा. पण झाकण..." तिनं कपाळाला हात लावला आणि दोघी हसलो. हसता हसता ती म्हणाली, "आणि अंडी! सारखा अंडी!"

"कसली अंडी?"

"तुझा सासू. टोपलीत. चार अंडी, कधी सहा. तोंड असा फिरवून." तिनं मान वळवून, नाक वर करून, हात लांब करून टोपली धरल्याचं दाखवलं. हुबेहूब आत्ती. "मला म्हणतो, 'घाल. पोरीच्या उंड्यात घाल. कुणाला सांगू नको.'"

माझे कान गरम झाले.  मी विमलकडे बघितलं. ती गेनाबाईच्या गळ्यातला क्रॉस चोखत होती.

"तू घातलीस?" मी विचारलं.

"कुठे?"

"उंड्यात. माझ्या उंड्यात अंडी घातलीस?"

"नाय!" गेनाबाई जवळजवळ रागावलीच. "मी तुला पहिल्या दिवशी म्हटला, अंडी नाय. माझ्या आईच्या पांपुखमध्ये अंडी होता." पांपुख हे त्या उंड्यांचं त्यांच्या भाषेतलं नाव. "पण मी सैबेरियात केला, तिथे कुठला अंडी? झाडाची साल खात होता आम्ही. तिथे मी शिकला, अंडी नाय तरी फुगतो. फक्त झाकण नाय उघडायचा."

"मग तू घेतलीस कशाला त्यांची अंडी?"

ती जरा विचार करून, शब्द शोधत म्हणाली, "तीन वर्ष मी बघतो. तुमचा माणूस बाजारात अंडीवाला दिसला की पलीकडून जातो. आणि हा म्हातारा हातात घेऊन येतो. मी म्हटला नको, तर तो मला काय म्हणणार? म्हणणार, हा बाई रागावला, आता उंडा देत नाय. माझ्या उंड्यावर त्याचा विश्वास नव्हता. अंडीवर होता. म्हणून मी घेतला."

"आणि केलंस काय त्यांचं?"

"माझ्या पोरांनी खाल्ला," गेनाबाई म्हणाली. "चांगला होता अंडी. ताजा."

गाडी आली. तिनं विमलला माझ्या हातात दिलं, शेंगांची पिशवी खांद्याला मारली, मुलांना आत ढकललं आणि दारातून ओरडून म्हणाली, "आक्काला सांग! झाकण नाय उघडायचा!"

घरी आले तेव्हा आत्ती सोप्यात तांदूळ निवडत होत्या. मी विमलला त्यांच्यापुढं ठेवलं आणि उभीच राहिले.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली. आत्ती, तिनं अंडी घातलीच न्हवती."

सुपातली बोटं थांबली. वर न बघता त्या म्हणाल्या, "अंड्यांचं तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. पहिल्यापास्नं तिच्या उंड्यात अंडं न्हाईच. त्या दिवशी चपटे झाले ते झाकणामुळं."

"भूपालनं आणलेला पहिला उंडा फुगला व्हता," आत्ती सावकाश म्हणाल्या, कोर्टात जबानी द्यावी तशा. "माझ्यासमोर केलेले बसले. मी म्हटलं, पहिल्यात अंडं असणार. आपल्याला चालत न्हाई म्हणून तिनं काढलं, म्हणून बसले. तू तर वाळलेल्या काडीगत दिसत व्हतीस. दुसरं काय समजायचं?"

"मला विचारायचं होतं."

"तू न्हाई म्हणाली असतीस. म्हणून न्हाई विचारलं."

ते खरं होतं. मी नाहीच म्हणाले असते.

"मग केलं काय तिनं अंड्यांचं?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"पोरांना घातली. ताजी होती म्हणाली."

आत्तींनी सूप खाली ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून मी खाली बसले, तर त्या हसत होत्या. मी त्या घरात येऊन पाच वर्षं झाली होती, आणि आत्तींना पोट धरून हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "मेली!" त्या म्हणाल्या. "फसवलं मला मेलीनं! आणि मी टोपलीत बघायचं न्हाई म्हणून मान वळवून चालत व्हते, गं. दोनदा ठेचकाळले. एकदा तर गटारात पाय गेला!" विमलही त्यांच्याकडं बघून हसायला लागली.

दोघींचं हसणं जरा ओसरल्यावर मी उठले, आत जाऊन ढेपेतून गुळाचा खडा फोडून आणला आणि त्यांच्यापुढं धरला.

"हे काय?"

"आता सोडा नियम. माझ्या पोटात अंडं गेलंच न्हाई. त्याचंच प्रायश्चित्त होतं न्हवं?"

आत्तींनी खड्याकडे बघितलं.  मग पदरानं डोळे पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"नियम मी गेनापाशी घेतला व्हता काय?" त्या म्हणाल्या.

"पण झालंच न्हाई काही."

"तिच्याकडनं न्हाई झालं. माझ्याकडनं झालं. तुझ्या पोटात जावं म्हणूनच मी दिली. मनानं दिली. तिनं घातली का पोरांना खायला घातली, ते तिचं. मी दिली ते माझं." त्यांनी एक खडा निवडून बाजूला टाकला. "आणि आणखी एक ऐक. पुन्हा तसा वखत आला तर पुन्हा देईन. मग नियम सोडून कसं चालंल?"

मी गुळाचा खडा हातात घेऊन तशीच बसले. शेवटी तो मीच खाल्ला.

नंतर आम्ही यावर कधी बोललो नाही. छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी लोक राहायला आले. त्या माळाचं गांधीनगर झालं. आता तिथं कापडाची एवढी दुकानं आहेत की कुठली बराक कुठं होती हे मलाही सांगता येत नाही.

गेनाबाईचं इंग्लंडातून एक कार्ड आलं होतं, बर्फातल्या घराचं चित्र असलेलं. मागं तिनं मराठी शब्द आपल्या लिपीत लिहिले होते. शाळेतल्या मास्तरांनी जुळवून जुळवून वाचले: सगळा चांगला, थंडी फार, दूध पातळ. पत्ता पाण्यानं पुसला होता. पुष्कळ वर्षांनी छावणीत वाढलेली काही पोलिश माणसं कोल्हापूर बघायला आली, तेव्हा मी मुद्दाम गेले आणि गेनोवेफाची चौकशी केली. एक म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, "कुठली गेनोवेफा? आमच्या एका रांगेतच तिघी होत्या." आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.

आत्ती अडुसष्ट साली गेल्या, उन्हाळ्यात, झोपेत. बावीस वर्षं त्यांनी गोड तोंडात घातलं नाही. यजमानांना याचं कारण मी त्या गेल्यावर सांगितलं. ते गोठ्यात जाऊन बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तेही आता नाहीत. विमलच्या पाठीवर मला दोन मुलगे झाले, आणि त्या दोन्ही खेपांना मला साधी मळमळसुद्धा झाली नाही. थोरला पुण्याला असतो, धाकटा शेती बघतो.

मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. दात नाहीत, कान बरे आहेत. विमल इचलकरंजीला शाळेत शिकवत होती. तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त होऊन माझ्याजवळ राहते. तिची मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे, नातू कॉलेजात. विमलला अजून हळू बोलता येत नाही. हे लिहिते आहे तेव्हा ती फाटकाशी उभी राहून विजेचं बिल चुकलं म्हणून बिलवाल्याशी भांडते आहे, आणि तो बिचारा नुसतं "हो बाई, हो बाई" म्हणतो आहे. आवाज सगळ्या गल्लीत ऐकू येत असेल. येऊ दे.